पाच लिटरचा कुकर

मुंबई विमानतळावर माझी मोठी बॅग बाजूला काढली. तपासणाऱ्या तरुणानं चेन उघडली, वरचे नॅपकिन हलवले, तर खाली पाच लिटरचा प्रेशर कुकर. त्याचं झाकण फिरवून बघितलं तर आत फडक्यात गुंडाळलेले दात काढायचे चिमटे. तो एकदा कुकराकडे बघे, एकदा माझ्याकडे. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेली बाई, पायात चपला, हातात टिफिन. "डेंटिस्ट आहे," मी म्हटलं, "टांझानियाला कॅम्पला निघालेय." त्याचा चेहरा एकदम सैलावला. हिंदी सोडून मराठीत म्हणाला, "मॅडम, अक्कलदाढ काढावीच लागते का हो?" मागे रांग वाढत होती. त्याला म्हटलं, आधी एक्स-रे काढून बघ, त्रास नसेल तर उगाच काढू नकोस.

असा सल्ला देऊन मी विमानात बसले, आणि पुढचे तीन दिवस नेमकं उलटं वागले.

माझा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खालच्या बोळात अजून दोन-तीन यंत्रमाग चालतात, त्यांचा खडखडाट दिवसभर भिंतीतून येतो. नव्या पेशंटला तो आधी माझ्याच मशीनचा आवाज वाटतो आणि तो खुर्चीत बसायच्या आधीच घामाघूम होतो. इथे धंदा करायचा तर तीन भाषा लागतात. मराठीत आ करा, तेलुगूत नोरु तेरवंडी, कन्नडमध्ये बाय तेगीरी. दात म्हणजे पन्नू, दात म्हणजे हल्लू. कुठल्याही भाषेत 'दुखतंय का' हे विचारता आलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं अक्का करते. अक्का माझी मदतनीस, वीस वर्षं झाली. लग्नाआधी आईबरोबर बिड्या वळायची, नंतर माझ्याकडे आली. पेशंट घाबरला की ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. भूल ज्याला लागत नाही त्याला तो हात लागतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. कुठल्या पुस्तकात ते सापडणार नाही.

टांझानियाचं निमंत्रण आलं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून. लग्न होऊन ती आरुशाला गेली, तिच्या सासरच्या ओळखीतला एक ट्रस्ट दरवर्षी तिथल्या खेड्यांत दातांचं शिबिर घेतो. बारा दिवस, आम्ही सहा डॉक्टर, तिकीट आपलं, राहणं-जेवण त्यांचं. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर मुलगी शिकायला बाहेर गेली होती, घर रिकामं झालं होतं, आणि मला कुठंतरी जायचं होतं. सेवेचा विचार त्यानंतर आला. निघण्याआधी सगळे विचारायचे तेव्हा मी तो क्रम उलटा करून सांगायचे.

अक्कानं मात्र वेगळंच विचारलं. चिमटे पुसता पुसता म्हणाली, "तितं जाऊन काय करणार मॅडम?"

"दात बघणार. तिथं डॉक्टर फार कमी आहेत."

"मग कुंभारीतल्या बायांना दात न्हाईत का?"

मी हसले. ती हसली नाही. शेंगाचटणीचा कण दाढेत अडकावा तसं ते वाक्य माझ्यासोबत विमानात आलं. जीभ सारखी तिथंच जाणार.

कुंभारी म्हणजे गावाबाहेरची बिडी कामगार बायकांची वसाहत. गोदूताई परुळेकरांच्या नावाची, १०,००० घरांची. २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा अक्काच्या बहिणीलाही एक मिळाली. तिथून बायका माझ्याकडे येतात तेव्हा गाल सुजलेला असतो. त्याआधी येत नाहीत. दिवसाला हजार बिड्या हा हिशोब. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, संध्याकाळी मोजून द्यायच्या. दवाखान्यात अर्धा दिवस गेला की पाचशे बिड्या गेल्या. वर रिक्षा. आणि हिरड्यांवर मिशरीचा काळा थर, कारण दुखणं थांबवायचा स्वस्त उपाय तोच आणि दुखण्याचं एक कारणही तोच. आल्या आल्या म्हणतात, "काढून टाका, कटकट नको." मी दात वाचवण्याबद्दल बोलायला लागले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

आमचे अण्णा, माझे सासरे, मात्र खूश होते. शाळामास्तर माणूस. "शेवटी कोटणीसांच्या गावची तू," म्हणाले. मला लाज वाटली. सोलापुरात कुणी परदेशी जाऊन दोन गोळ्या वाटून आला तरी कोटणीसांचं नाव निघतं. भैय्या चौकातून जाताना त्यांचं स्मारक लागतं, आम्ही रोज त्याच्यासमोर सिग्नल तोडतो. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१० चा. मुंबईला डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला भारतानं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात गेले. चौघं परत आले. हे आघाडीवरच्या फौजेसोबत राहिले, चिनी शिकले, कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, म्हणजे भारत आणि चीन. १९४२ च्या डिसेंबरात फिट येऊन गेले, वय ३२. आणि मी? बारा दिवस, परतीचं तिकीट काढलेलं, बॅगेत कडक भाकरीची चळत. अण्णांना म्हटलं, असलं काही बोलू नका, तिकडं कुणी ऐकलं तर हसतील.

कुकराचं असं. गावात वीज जाते-येते असं मैत्रीण म्हणाली होती. हत्यारं निर्जंतुक कशात करायची? मला आठवलं, बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला जनआरोग्य दंतशास्त्रात एक प्रकरण होतं, वीज नसेल तिथे प्रेशर कुकर वापरा, वाफ धरल्यावर पंधरा मिनिटं. परीक्षेत पाच मार्कांची टीप यायची, आम्ही पाठ करून विसरायचो. म्हणून घरातला जुना कुकर घेतला. रिंग नवी टाकली. सासूबाई म्हणाल्या, "तो आता परत स्वयंपाकघरात आणायचा नाही." त्या शब्दाला पक्क्या आहेत.

पिवळ्या तापाची लस मुंबईला जाऊन टोचून घेतली, तिचं पिवळं कार्ड पासपोर्टला लावलं, अदिस अबाबाला विमान बदललं, आणि किलिमांजारो विमानतळावर उतरले तेव्हा ऑगस्टमध्ये थंडी वाजत होती. आम्ही सोलापूरकर आफ्रिका म्हटलं की आपल्याहून जास्त ऊन, एवढंच धरून चालतो. आरुशा चांगलं चौदाशे मीटर उंचीवर आहे. मी एका हौशी शालीवर गेले होते. पहिल्या रात्री दोन नॅपकिन गळ्याभोवती गुंडाळून झोपले. नॅपकिन आमच्या बोळातल्या कारखान्यातले, तीन डझन, पेशंटच्या छातीवर टाकायला.

विमानतळावरून शहराकडे जाताना रस्त्याला एक गाव लागतं, माजी या चाय. माजी म्हणजे पाणी, चाय म्हणजे चहाच. नदीच्या पाण्याचा रंग चहासारखा, म्हणून नाव. ऐकायला गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या भागातली मुलं तोंड उघडून समोर बसली तेव्हा कळलं त्या पाण्यात काय आहे. मेरू हा जुना ज्वालामुखी, त्याच्या खडकांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, तिथल्या कित्येक झऱ्यांत त्याच्या कितीतरी पट. कायमचे दात हिरडीखाली घडत असतात त्या लहान वयात हे पाणी पोटात गेलं की दातावरचं कवच घडतानाच बिघडतं. पांढरे खडूसारखे पट्टे, मग तपकिरी डाग, मग खड्डे. एक चौदा वर्षांची मुलगी हसताना ओठांवर हात धरायची. तिनं विचारलं, घासून निघेल का? नाही निघणार, हे सांगायला दुभाष्या लागत नाही.

भाषेची मला भीती नव्हती. तीन भाषांत 'आ करा' म्हणणाऱ्या बाईला चौथी किती जड जाणार? फुंगुआ म्दोमो, तोंड उघडा. इनाउमा, दुखतंय का. जीनो म्हणजे दात, मेनो म्हणजे दात अनेक. सिंदानो या गांझी, भुलीचं इंजेक्शन. दात घासायच्या ब्रशला तिथे म्स्वाकी म्हणतात. आमच्या मुस्लिम पेशंटांची मिसवाक ती हीच, अरबी गलबतातून दोन दिशांना गेलेली. गाडीला गारी, दुकानाला दुका. गोंधळ झाला तो नात्यांत. बाया मला दादा म्हणायला लागल्या. 'आसांते दादा, आसांते दादा.' पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं, कुठला दादा आलाय? मग कळलं, स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आणि काका म्हणजे भाऊ. आमच्या पथकातल्या तरण्या डॉक्टरला शाळकरी पोरं काका म्हणायची, तो रात्री आरशात केस बघायचा. मोठ्या माणसाला भेटलं की शिकामू म्हणायचं, त्यानं माराहाबा म्हणून स्वीकारायचं. शिकामूचा मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं.

आणि पोले. दुसऱ्याला लागलं, दुखलं, तो दमला, की म्हणायचं पोले. माझी चूक झाली असं त्यात काही नाही, तुझं दुखतंय ते मला दिसतंय, एवढंच. मराठीत याला नेमका शब्द नाही. आपण 'अगं बाई' म्हणतो किंवा 'चालायचंच' म्हणतो. सुई टोचताना मी इतक्यांदा पोले म्हटलं की सोलापुरात परत आल्यावर पहिल्या पेशंटलाही तेच म्हटलं. तो म्हणाला, "पोळतंय न्हवं, टोचतंय."

आता त्या तीन दिवसांबद्दल.

शिबिर एका शाळेत होतं. बाकं भिंतीला लावून त्यांच्यावर पेशंट निजवायचे, कपाळावर आमचे दिवे. सकाळी सातला पोचलो तेव्हा मैदानात तीनशेच्या वर माणसं बसलेली. काही पहाटे निघून चालत आलेली. वर्षातून एकदा आम्ही येणार, हे सगळ्यांना ठाऊक. एका कोपऱ्यात काळा फळा, त्यावर खडूनं रकाने: पेशंट किती, दात किती काढले. संध्याकाळी त्या फळ्यासमोर फोटो. ट्रस्टचे व्यवस्थापक चांगले गृहस्थ, सगळ्यांना जेवायला वाढून मग स्वतः बसणारे. पण त्यांना तो आकडा लागायचा. देणगीदारांना कळवायचा असायचा. दात्यांना दात दाखवायचे होते, असा विनोद मी तेव्हा केला आणि आम्ही सगळे हसलो.

भूल द्यायची, ओळीनं बसवायचं, पहिल्याला बधिर होईपर्यंत पाचव्याला टोचून व्हायचं, मग पहिल्यापासून काढत यायचं. हात तयार असला की दाढेला दोन-तीन मिनिटं लागतात. सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्या वेगानं मी कधी काम केलं नव्हतं, आणि कबूल करते, त्याची एक नशा असते. ट्रेमध्ये दात पडल्याचा टण् आवाज. पुढचा. टण्. घरी एका रूट कॅनालला तीन बैठका, त्यात पेशंटची घासाघीस, मधेच लग्नसराई. इथे सगळं झटपट आणि वर आसांते दादा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगा आला. अकरा वर्षांचा असेल, शाळेचा निळा स्वेटर, कोपराला विरलेला. खालची पहिली मोठी दाढ किडलेली. ही दाढ सहाव्या वर्षी येते, कुठला दुधाचा दात न पडता मागून गुपचूप येते, म्हणून आया तिला दुधाचीच समजतात. खड्डा होता, पण नसेपर्यंत गेला नव्हता. सूज नव्हती. गार पाणी लागलं की ठणकतं, रात्री झोप लागते, असं त्यानं सांगितलं. रात्री झोप लागते, हे वाक्य दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. हा दात भरता येतो. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, काढा. मी रांगेकडे बघितलं. आणि काढला. त्याची मुळं पक्की, हाड मजबूत, दात निघायला तयार नव्हता, मलाच जोर लावावा लागला. पोरगा रडला नाही. बोळा चावून माझ्याकडे बघून अंगठा वर केला. टण्.

आमच्यासोबत तिथली एक सरकारी डेंटल थेरपिस्ट होती, तिशीची, शांत. आसपासच्या सगळ्या गावांना दातांसाठी ती एकटी. तीन दिवस आम्ही तिला दुभाषी म्हणून वापरत होतो. वाईट वाटतं आता लिहिताना. सहा जण भारतातून आलेले, आणि जिचं ते रोजचं काम तिला आम्ही 'हिला विचार कधीपासून दुखतंय' म्हणून पुढे करत होतो.

तिसऱ्या दिवशी वीज गेली ती गेलीच. तरण्या डॉक्टरांनी आणलेलं ड्रिलचं पोर्टेबल मशीन बंद. माझा कुकर शाळेच्या स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीवर चढला, तिला ते जिको म्हणतात, आणि शिट्टी झाली तशी पोरं धावत आली. वरण-भाताची शिट्टी ती. आतून चिमटे निघाले म्हणून सगळी हिरमुसली. तेवढ्यात त्या थेरपिस्टनं बाकावर एका मुलीला निजवलं. हातात फक्त आरसा आणि एक्सकॅव्हेटर, चमच्यासारखं बारीक टोक असलेलं. कीड लोण्यासारखी मऊ असते, ती खरवडून काढत गेली. इंजेक्शन नाही, मशीन नाही. खालचा कडक भाग लागला की थांबली. मग विचारलं, तुमच्या खोक्यात ग्लास आयोनोमर आहे ना? होतं. दात भरायच्या सिमेंटची दोन खोकी, देणगीत आलेली, सील न फोडलेली. पूड आणि द्रव पॅडवर घोटले, अर्ध्या मिनिटाच्या आत, खड्ड्यात भरलं, बोटाला व्हॅसलीन लावून वरून दाबून धरलं. बाहेर आलेलं काढलं, चावून बघायला लावलं. तासभर काही खाऊ नकोस म्हणाली. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

कुकर ज्या प्रकरणात होता, त्याच प्रकरणातली पाच मार्कांची टीप. एआरटी म्हणतात तिला. दुखापत न करता दात भरायची रीत, असं मराठीत म्हणता येईल.

"हे आम्हीही शिकलो होतो," मी म्हटलं. माझ्या सुरात जरा परीक्षकपणा असावा.

"हो," ती म्हणाली, "हे इथलंच आहे."

मला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दार-एस-सलामच्या दंतशाळेत यो फ्रेंकेन नावाचे डच दंतवैद्य काम करत होते. खेड्यात वीज नाही, मशीन बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस नाही, मग हातानं कीड काढून चिकटणारं सिमेंट भरलं तर? तिथून ही रीत निघाली, पुढे थायलंड, झिंबाब्वेत अभ्यास झाले, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं उचलून धरली. आमच्या पाठ्यपुस्तकापर्यंत आली. तिच्या शिक्षकांचे शिक्षक त्या कामात होते. म्हणजे मी सोलापुरात पाठ करून विसरलेली गोष्ट जिथून निघाली, तिथेच मी चिमटे घेऊन मदत करायला आले होते. त्या निळ्या स्वेटरवाल्या पोराची दाढ माझ्या डोळ्यांसमोर आली. पंधरा मिनिटं. माझ्याकडे पंधरा मिनिटं नव्हती, फळ्याकडे नव्हती.

पण सगळा दोष फळ्यावर टाकून मोकळं होता येत नाही. चौथ्या दिवसापासून मी आणि अजून एक डॉक्टर तिच्या बाजूला बसून भरायला लागलो. आकडा निम्म्यावर आला. व्यवस्थापक नाराज झाले, ते एक झालं. त्याहून अवघड म्हणजे लोकच म्हणायचे, काढा. एका बाईला मी समजावत होते, दात चांगला आहे, भरूया. तिनं थेरपिस्टला काहीतरी विचारलं. थेरपिस्ट म्हणाली, "ती विचारतेय, भरून परत दुखला तर तेव्हा कोण असेल?"

मला कुंभारीतली बाई आठवली, घड्याळाकडे बघणारी. शब्द वेगळे, हिशोब तोच. काढलेला दात परत दुखत नाही. भरलेला दुखू शकतो, निघू शकतो, त्याला कुणीतरी लागतं. पहाटे उठून चालत आलेल्या बाईला, हजार बिड्यांच्या बाईला, ते कुणीतरी उद्या असेल याची खात्री नाही. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. मी म्हटलेलं आहे, सोलापुरात, पेशंट गेल्यावर. थेरपिस्ट त्या बाईला म्हणाली, "मी असेन, मंगळवारी आणि शुक्रवारी, आरोग्य केंद्रात." बाईनं तोंड उघडलं. माझ्या सत्तावीस वर्षांपेक्षा ते मंगळवार-शुक्रवार जड ठरले.

त्याच देशात एक इंग्लंडची संस्था, ब्रिजटूएड, फिरते दंतवैद्य नेऊन दात काढत बसण्याऐवजी खेड्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाच सुरक्षित दात काढायला शिकवत आली आहे, हेही मला तिच्याकडूनच कळलं. आम्हाला हे आधी का सुचलं नाही? कदाचित शिकवताना फोटो चांगले येत नाहीत.

एका संध्याकाळी फ्लोराइडवर बोलणं निघालं. मी सांगत होते, माझ्या मदतनीस अक्काची जाऊ नलगोंड्याकडची, तिचेही दात असेच तपकिरी, आमच्याकडे विणकर लोक पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आले... थेरपिस्टनं मला थांबवलं. "नालगोंडा? ती बादली?" मी गप्प. आरुशात बसून टांझानियन बाई नलगोंडा म्हणतेय. नागपूरच्या नीरीनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, तुरटी आणि चुना घालून पाण्यातलं फ्लोराइड खाली बसवायची एक पद्धत काढली, तिचं नाव नलगोंडा तंत्र. बादलीत तुरटी-चुना घालायचा, ढवळायचं, गाळ बसला की वरचं पाणी घ्यायचं. जवळच्या न्गुर्दोटोला पाण्यातलं फ्लोराइड काढायचं संशोधन केंद्र आहे, ते तंत्र टांझानियातही करून बघितलं गेलं. आमच्या पूर्व भागातल्या हजारो लोकांच्या आजोळचं नाव एका बादलीला लागून मेरूच्या पायथ्याशी येऊन राहिलं होतं, आणि मी ते त्यांना नव्यानं सांगायला निघाले होते. त्या रात्री मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. तिनं तुकडा तोडायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे खाता म्हणून तुमच्याकडे दंतवैद्य जास्त लागतात का?" आमच्याकडे कवळी बसवून घेणारा प्रत्येक म्हातारा एकच विचारतो, कडक भाकरी चावेल का, हे तिला सांगितलं. तिच्याकडचे म्हातारे भाजलेल्या मांसाबद्दल विचारतात.

सगळंच काही असं गोड नव्हतं. काही मुलांचे सुळे नव्हते, कधी आलेच नव्हते. तान्ह्या बाळाला ताप-जुलाब झाले की हिरडीतले पांढरट फुगवटे म्हणजे 'मेनो या प्लास्तिकी', प्लास्टिकचे दात, असं मानून काही ठिकाणी ते टोकदार वस्तूनं उकरून काढतात. ते खरं तर सुळ्यांचे कोंब असतात. आमच्यातला एक जण ऐकून म्हणाला, काय हा अडाणीपणा. मी आमच्याकडची डागलेली पोटं पाहिली आहेत. आणि दात येताना जुलाब व्हायचेच, हे तर माझ्या सासूबाई अजून सांगतात, घरात दंतवैद्य असून.

शेवटच्या दिवशी त्या ओठांवर हात धरणाऱ्या मुलीचीच एक दाढ मी भरली. डागांचं काही करता आलं नाही, पण मागची दाढ खोल गेली होती, ती वाचत होती. थेरपिस्ट शेजारी उभी. मी बोट दाबून धरलं होतं आणि ती मनात सेकंद मोजत होती. "आता," म्हणाली. मी बोट उचललं. आकडा फळ्यावर लिहायचा रकाना नव्हता, म्हणून कुणी लिहिला नाही.

निघताना चिमटे, नॅपकिन, उरलेलं सिमेंट तिच्याकडे ठेवलं. कुकरही ठेवणार होते. ती म्हणाली, माझ्याकडे आहे, तुम्हाला लागेल.

लागला. सासूबाईंनी शब्द पाळला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तो आला नाही, म्हणून तो गाडीच्या डिकीत राहतो. महिन्यातून दोन रविवार मी आणि अक्का कुंभारीला जातो, तिच्या बहिणीच्या घरी, पुढच्या खोलीत. पहिल्या दोन-तीन खेपांना बायका आल्या आणि म्हणाल्या, काढा. मग अक्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तीन महिन्यांचे रविवार लाल पेनानं गोल केले. त्यातला एकही चुकवायचा नाही, असं तिनं मला बजावलंय. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत मी एकदा टाळाटाळ करत होते, तर म्हणाली, "आफ्रिकेला जाता, कुंभारीला ऊन लागतंय?" गेले.

सिमेंट घोटायचं काम तिनं घेतलंय. अर्ध्या मिनिटात पूड-द्रव एकजीव व्हायला लागतं, माझ्या हातून अजून कधी गाठी राहतात. तिच्या हातून नाही. हजार बिड्या वळलेली बोटं ती, पानात तंबाखू किती घ्यायची ते बघून नाही, चिमटीनं मोजायची. बायका बिडीचं सूप मांडीवर घेऊन रांगेत बसतात, नंबर येईपर्यंत वळत राहतात, त्यामुळे पाचशे काही बुडत नाहीत. ही युक्ती माझी नाही. मिशरी सोडायला सांगते, ऐकत कुणी नाही. एकीनं सोडली आणि महिन्यानं परत धरली. तिला काही बोलले नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात दुपारच्या वेळी फोन वाजला. थेरपिस्टचा मेसेज. एक फोटो, आरशात पकडलेली दाढ, मधे पांढरट सिमेंट, कडेला जरासं झिजलेलं. खाली तीन शब्द: जीनो बादो लिपो. दात अजून आहे. वर्ष होऊन गेलं होतं. मी फोटो मोठा करून कडा बघितल्या, सवयीनं. मग लिहायला घेतलं की निळ्या स्वेटरचा एक मुलगा होता, अकराचा, तो कधी दिसतो का, त्याच्या रिकाम्या जागेत मागची दाढ कलायला लागली असेल. लिहिलं आणि खोडलं. फक्त आसांते लिहून पाठवलं.

"कोण ओ?" अक्कानं विचारलं.

फोटो दाखवला. तिनं चष्मा वर करून नीट बघितला. "काठाला गेलंय जरा," म्हणाली. "तिला म्हणावं, रविवारी परत भरून घे."

"तिकडं मंगळवार-शुक्रवार असतो," मी म्हटलं.

"मग मंगळवारी," अक्का म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला गेली.